बत्तीस अंशांवर

तापफलकावर सहा आकडे होते. पाच आकडे ३२.० दाखवत होते आणि सहावा ३१.४.

डॉ. हेमांगी रेगे गेली वीस मिनिटं त्या सहाव्या आकड्यासमोर उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत तो ३१.३ झाला, मग ३१.२. एवढ्याशा फरकाला घरी कुणी कणकणसुद्धा म्हणणार नाही. पण हा आकडा एका पाणतीराच्या, म्हणजे टॉर्पेडोच्या, पोटातल्या इंधनाचा होता. तो पाणतीर ‘तिमिंगिल’ या पाणबुडीच्या नाकाडात ठेवलेला होता, आणि ‘तिमिंगिल’ अरबी समुद्रात दोनशे ऐंशी मीटर खोल होती. अशा जागी घाबरलेल्या माणसाने दोन पावलं मागे सरायचं म्हटलं तरी पाठीला लोखंड लागतं.

“अजून उतरतोय,” मागून जनार्दन तांडेल म्हणाला.

तांडेल शस्त्रकक्षाचा प्रमुख. मूळचा हर्णैचा, नौदलात चोवीस वर्षं, त्यातली अठरा पाण्याखाली. सहाही पाणतीर त्याच्या ताब्यात होते आणि तो त्यांच्याशी गोठ्यातल्या जनावरांशी बोलावं तसं बोलायचा. आज सकाळपासून मात्र तो गप्प होता. सहाव्या पाणतीरापाशी जाऊन तो दोनदा हात लावून आला होता.

“गार लागतोय, मॅडम. बाकीचे पाच कसे कोमट हायत, अंगाला लागावं तसं. हा गार पडत चाललाय.”

“तुम्ही हात लावू नका त्याला.”

“अठरा वर्षं लावतोय.”

“हे इंधन आजवरच्यासारखं नाहीये, तांडेल.”

हे तिने जरा चढ्या आवाजात म्हटलं, आणि लगेच तिला स्वतःचाच राग आला. सहा वर्षं राबून हे इंधन तिने सुरक्षित करून दाखवलं होतं. म्हणूनच ते दोन पाणबुड्यांवर चढलं होतं, या ‘तिमिंगिल’वर आणि हिच्या बहिणीवर, ‘मकर’वर. दोघी दसऱ्याच्या सकाळी एकाच धक्क्यावरून सुटल्या होत्या. ‘तिमिंगिल’ खोल, थंड पाण्यात चाचणी घेणार होती आणि ‘मकर’ किनाऱ्यालगतच्या उथळ, उबदार पाण्यात. ‘मकर’चा शस्त्रकक्ष तांडेलच्या धाकट्या भावाकडे, एकनाथकडे होता. जनार्दन आणि एकनाथ ही नावं वडिलांनी हौसेने ठेवली होती, आणि थोरला धाकट्याचा गुरूही झाला होता.

आज बारावा दिवस होता. चाचणी संपवून परतायला तीन दिवस उरले होते.

“कप्तानसाहेबांना बोलवा,” हेमांगी म्हणाली.

कमांडर यशोधन सावर्डेकर आले तेव्हा आकडा ३०.९ वर आला होता. सावर्डेकर शिडशिडीत, मोजकं बोलणारे. कुणी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, पण घाबरले की ते घड्याळाचा पट्टा सैल करून पुन्हा आवळतात हे जवळच्या माणसांना ठाऊक होतं. आता त्यांनी पट्टा सैल केला.

“डॉक्टर, माझी एक्केचाळीस माणसं या बोटीत आहेत. तुमच्यासकट बेचाळीस. मला निर्णय घ्यायचाय. तेव्हा मला काही येत नाही असं समजून पहिल्यापासून सांगा.”

हेमांगीने श्वास घेतला. “टाकीत पेरॉक्साइड आहे. बरंचसं पाण्यासारखंच. फक्त प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचा एक अणू जास्तीचा असतो. तो त्या रेणूला जड झालेला असतो, टाकून द्यायला निमित्तच हवं असतं. तांबं, पितळ, गंज, चिमूटभर मळ, काहीही चालतं. तो अणू टाकताना उष्णता निघते. त्या उष्णतेने शेजारचा रेणूही तेच करतो. मग त्याच्या शेजारचा.”

“आणि एका लिटरची हजारो लिटर वाफ होते. ते मला माहीत आहे.”

“तीच वाफ यंत्रात झाली तर पाणतीर धावतो. टाकीतच झाली तर...”

“हे सरावाचे पाणतीर आहेत. पुढे स्फोटकं नाहीत.”

“गरज नाही, साहेब. प्रत्येक टाकीत तीनशे लिटर इंधन आहे. नुसत्या इंधनाने बोटीचं नाकाड उघडं पडेल.”

तांडेलने मान डोलावली. पूर्वी कुठल्याशा परक्या नौदलातल्या बोटी अशा इंधनाने गेल्या होत्या, ते सगळे किस्से त्याला पाठ होते. नव्या खलाशांना तो ते सांगायचा, आणि सांगून झाल्यावर स्वतःच हातातलं फडकं तपासायचा.

“म्हणून आम्ही शामक बनवलं,” हेमांगी पुढे म्हणाली. “इंधनात मिसळलेले बारीक जाळीदार कण. कुठे एखादा रेणू फुटला की सुटलेला ऑक्सिजन ते जाळीत अडकवतात आणि निघालेली उष्णता पिऊन टाकतात. बर्फाच्या पाण्याचं बघा. पातेल्यात बर्फ आहे तोवर पाणी काही तापत नाही, खाली मंद गॅस असला तरी. आलेली सगळी उष्णता बर्फ वितळण्यात खर्ची पडते. आमचं शामक तसंच आहे, फक्त त्याचा आकडा शून्य नाही, बत्तीस आहे.”

“ऑक्टोबरातल्या कोठारात परवडावा म्हणून?”

“हो. भरताना कोठार पस्तीसला तापलं होतं, तरी टाक्या बत्तीसवर थांबल्या. तुम्ही पाहिलंत.”

“पाहिलं. मग आता मला एक सांगा. हा आकडा वर जात असता तर मी घाबरलो असतो. हा तर खाली चाललाय. थंड होतंय ते बरंच की.”

प्रश्न सरळ होता आणि हेमांगीकडे त्याचं उत्तर तयार होतं. पुढे आयुष्यभर तिला आठवत राहिलं ते हेच, की उत्तर किती तयार होतं.

“प्रयोगशाळेत आमचे काही नमुने जुने होऊन मेले. म्हणजे त्यांच्यातलं शामक निकामी झालं. हे मेलेले नमुने खोलीमागे फरफटत जायचे. खोली तापली की तापायचे, निवली की निवायचे. जिवंत शामक आपला आकडा सोडत नाही. आपण काल खोल उतरलो. बाहेर चौदा अंशांचं पाणी आहे, या कक्षात अठरा. बाकीचे पाच बघा, जागचे हललेले नाहीत. सहाव्याचं शामक मेलंय. आता त्या टाकीत नुसतं उघडं पेरॉक्साइड आहे. आज ते निवतंय. उद्या त्याला निमित्त मिळालं तर अडवणारं कुणी नाही.”

“पुस्तिका काय म्हणते?”

“पुस्तिका मीच लिहिली आहे. आकडा बत्तीस, तोवर निश्चिंत. आकडा हलला, टाकी बाहेर.”

सावर्डेकरांनी पट्टा आवळला. “तांडेल, सहावा नळीत घ्या.”

पुढची दहा मिनिटं पाणतीर नळीत चढवण्यात गेली. पाणतीर सरकवणारं यंत्र कुरकुरत होतं. सात मीटर लांबीचं ते धूड इंचाइंचाने क्षेपणनळीत शिरलं, आतलं दार बंद झालं, नळीत समुद्राचं पाणी भरलं. तांडेलने दाबाच्या हवेचा दांडा ओढला. बोटीला किंचित हिसका बसला आणि सहावा पाणतीर, न धावता, नुसताच ढकलला जाऊन अंधारात तळाकडे निघाला.

पाण्यातले आवाज टिपणाऱ्या ध्वनिवेधकावरचा माणूस पाच मिनिटं कान देऊन होता. मग त्याने मान हलवली. काही आवाज नाही.

सगळ्यांचे श्वास मोकळे झाले. कुणीतरी उगाचच हसलं. सावर्डेकरांनी बोट वर घ्यायचा हुकूम दिला. वर जाऊन तळाला कळवायचं होतं की एक टाकी बिघडली, टाकून दिली, बाकी पाच उत्तम आहेत. फलकावर आता पाच आकडे राहिले होते. ३२.०, ३२.०, ३२.०, ३२.०, ३२.०. हेमांगीला त्यांच्याकडे बघून भरून आलं. बाहेर एवढी थंडी आणि एकही जागचा हललेला नाही. आपण केलेलं काम असं समोर उभं राहिलेलं बघायला मिळणं किती जणांच्या नशिबात असतं, असंही तिच्या मनात आलं.

तांडेलने चहा आणला. स्वतःचा पेला मात्र तो नुसता हातात धरून राहिला.

“मॅडम, एक बोलू? हसणार नाय ना?”

“बोला.”

“सहावा गेला तो माझ्यामुळं.”

“तुमचा काय संबंध? शामक निकामी झालं.”

“त्याची पूजा झाली नव्हती.” त्याने मान खाली घातली. “खंडेनवमीला पाचच पाणतीर आले होते आमचे. सहाव्याची लॉरी घाटात बंद पडली. तो दसऱ्याला सकाळी आला, आधीच भरलेला, मोहोरबंद, नि थेट बोटीत चढला. मी म्हटलं राहूदे, दिवा लावू नंतर. राहून गेलं. एकनाथ चिडवत पण होता, दादा तुझा एक उपाशीच राहिला म्हणून. ‘मकर’चे सहाही वेळेवर आले ना. एवढी वर्षं मी शस्त्राला बिनपूजेचं पाण्यात नेलं नाय. ह्या वेळी नेलं नि हे असं झालं.”

हेमांगीला त्याची दया आली. तिने समजुतीच्या सुरात म्हटलं, “अहो, हार नि हळदकुंकू तर बाहेरून असतं. आतल्या रसायनाला त्याचं काय?”

“नुसतं हार-कुंकू नाय हो. आदल्या दिवसापास्नं साफसफाई असते. मी नि एकनाथ कोठारात बसलो होतो, दिवसभर घासत होतो.”

“काय घासत होतात?”

“सगळंच. त्या मोजकांड्या पण. तुमच्या प्रयोगशाळेतनं आलेल्या, ताप मोजायला टाकीत सोडायच्या. किती कळकट हो त्या! राखाडी, काळपट, डाग पडलेल्या. असली वस्तू देवापुढं मांडायची? दोघांनी मिळून आरशावानी केल्या. टाकी भरायला आलेले लोक पण म्हणाले, वा, तांडेल, अशी निगा पायजे.”

हेमांगीने पेला खाली ठेवला.

त्या कांड्या पोलादाच्या होत्या, आणि कळकट नव्हत्या. तीन आठवडे आम्लात बुडवून, पुन्हा पुन्हा धुऊन त्यांच्यावर तो काळपट थर आणलेला होता. दुधावर साय धरावी तसा तो धातूवर धरतो आणि पेरॉक्साइडला धातूचा स्पर्श होऊ देत नाही. कांडी पूर्ण वेळ इंधनात बुडालेली असते, म्हणून तिच्यावर तर तो हवाच. पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नव्हती. कुणी माणूस फतकल मारून बसेल आणि तो थर घासून काढेल, हे प्रयोगशाळेत कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिथे देवापुढे काही मांडत नसत.

“कशाने घासल्यात?” तिने विचारलं.

“पितळेच्या पॉलिशनं. आमचं नेहमीचंच.”

“फडकं?”

“त्ये पण नेहमीचंच. बोटीची घंटा घासतो ना, त्येच. पहिल्या तीन कांड्या झाल्या, मंग मधेच घंटा घासून घेतली, मंग चार नि पाच. मंग फडकं एकनाथला दिलं. त्याचं हरवलं होतं.”

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. घंटा घासलेल्या फडक्यात काय असतं हे शाळेतल्या मुलालाही सांगता आलं असतं. हेमांगीने वळून फलकाकडे पाहिलं. पाच आकडे, पाचही बत्तीस. मघाशी ज्यांच्याकडे बघून तिला भरून आलं होतं, तेच आकडे.

ती धावत नियंत्रणकक्षात गेली. पाणबुडीत धावायचं नसतं, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं.

“साहेब, बोट खाली न्या. परत खाली. थंड पाण्यात.”

खोलीमापकावर एकशे दहा मीटर होतं. बाहेरचं पाणी पंचवीस अंश. सावर्डेकरांनी तिच्याकडे पाहिलं. “काय झालं?”

“आपण चांगला पाणतीर टाकून दिला. सहांतला एकच चांगला होता, तोच.”

“मघाशी तुमची खात्री होती.”

“हो. होती.”

“मग आता मी तुमचं का ऐकावं?”

तिने हे स्वतःलाही विचारलं होतं, धावता धावता. “चुलीवरून उतरवलेला भात निवतो ना, साहेब? कुणालाही विचारा. बाहेर अठरा अंश आहेत आणि टाकी बत्तीसवरून हलत नाही, याचा अर्थ तिच्या आत काहीतरी पेटलेलं आहे. बर्फ आहे तोवर पाणी तापत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं. खाली गॅस नसेल आणि सगळा बर्फच असेल, तर तो शून्याच्याही खाली जायला मोकळा असतो, हे सांगायला विसरले. विसरले नाही. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सहाव्या टाकीत काही फुटत नव्हतं, म्हणून ती बापडी निवत गेली. या पाचांत बारा दिवस फुटतंय. शामक ते पितंय आणि आपल्याला बत्तीस दाखवतंय.”

“आणि प्रयोगशाळेत हे दिसलं नाही?”

“आम्ही प्रत्येक नमुन्यात मुद्दाम थोडा गंज टाकायचो. शामक त्याला पुरं पडतं का हे बघायला. स्वच्छ नमुना थंडीत ठेवून बघावा असं कुणाला वाटलं नाही. स्वच्छ नमुन्याची भीती कुणाला होती?”

“शामक किती शिल्लक आहे?”

“ते सांगता येत नाही, साहेब. बर्फ पातेलंभर असो की खडीसाखरेएवढा, पाणी शून्यच दाखवतं. शेवटचा कण संपेपर्यंत बत्तीस, आणि मग...” तिने वाक्य सोडून दिलं. “काल थंड पाण्यात आलो म्हणून बरीच उष्णता बाहेर ओढली जात होती. आता आपण उबेला चाललोय.”

सावर्डेकरांनी पट्ट्याला हात लावला नाही. “खाली,” ते म्हणाले. “तीनशे मीटर. शस्त्रकक्ष, पाचही पाणतीर बाहेर. मधली दारं लावा. शस्त्रकक्षात लागतील तेवढीच माणसं ठेवा, बाकी सगळे मागे.”

बोटीचं नाक झुकलं. हेमांगी शस्त्रकक्षात पोचली तेव्हा तांडेल यंत्रावर उभा होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मधल्या काळात कुणीतरी त्याला सगळं सांगितलं होतं.

“कुठला आधी?” त्याने विचारलं. “एकाला नळीत घालून सोडायला नऊ मिनिटं लागतात. यंत्र एकच हाय. पाचही सारखेच दिसतायत, मॅडम. कुठला आधी?”

फलक काहीही सांगत नव्हता. पाचही आकडे शहाण्या मुलांसारखे ओळीत बसलेले होते.

“घंटा तिसऱ्यानंतर घासली म्हणालात.”

“हां.”

“मग चार आणि पाच आधी. त्यांना पितळ जास्त लागलंय. चौथ्याला सगळ्यात जास्त.”

तांडेलने चौथ्या पाणतीराचे पट्टे सोडले. यंत्र कुरकुरायला लागलं. आणि तेव्हाच, हेमांगी बघत असताना, चौथा आकडा हलला.

३२.१.

एवढासा. सकाळी सहाव्याचा हलला होता तेवढाच, फक्त उलट्या दिशेने. तिला ओरडायचं होतं, पण ओरडून यंत्राचा वेग वाढणार नव्हता. ३२.३. पाणतीराचं टोक नळीत शिरलं. ३२.८. तांडेल काहीतरी पुटपुटत होता. देवाचं नाव असेल असं तिला वाटलं, पण तो पाणतीराशीच बोलत होता. “थांब रे बाबा. थांब जरा. हा झालंच.” ३४. ३६. अर्ध्याहून जास्त धूड अजून बाहेरच होतं आणि त्याच्या पोटातून आता आवाज यायला लागला होता, किटलीतलं पाणी उकळायच्या आधी करतं तसा. दोन खलाशी एकमेकांचा हात धरून उभे होते आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. ४१. हेमांगीला मरणाची भीती वाटली. साधी, उघडी भीती, बाकी कुठलाही विचार तिच्यात उरला नाही. ४९. शेपूट आत गेलं. आतलं दार लागलं. ६०. नळीत पाणी भरायला लागतात त्या नव्वद सेकंदांत तांडेलने एकदाही फलकाकडे पाहिलं नाही. मग त्याने दांडा ओढला.

हिसका बसला. त्यांनी सेकंद मोजायला सुरुवात केली. एकसष्ट, बासष्ट. त्रेसष्टाव्या सेकंदाला खालून, लांबून, कुणीतरी बोटीला लाथ घातल्यासारखा धक्का आला. दिवे गेले, परत आले. हेमांगी गुडघ्यांवर पडली होती. कक्षात पाणी नव्हतं. वाफ नव्हती. सगळे जागेवर होते.

“पाच,” तांडेल म्हणाला, आणि पाचव्याचे पट्टे सोडायला लागला.

उरलेले चारही गेले. तीनशे मीटरवरच्या गारव्यात ते शेवटपर्यंत बत्तीसवर बसून राहिले, आणि बत्तीसवर असतानाच त्यांना ढकलून देण्यात आलं. पाचवा खाली गेल्यावर वीस मिनिटांनी फुटला. पहिल्या तिघांचा काही आवाज आला नाही. शेवटचा गेला तेव्हा फलकावर सहा काळ्या चौकटी उरल्या. हेमांगी तिथेच लोखंडावर बसली आणि रडली. तांडेल शेजारी बसला. त्याने तिला पाणी दिलं.

“सहावा तेवढा खरं बोलत होता,” तो म्हणाला. “नि आपण त्यालाच पयला घालवला.”

मग तो एकदम उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच हेमांगीला कळलं. मघापासून तिने ते वाक्य ऐकून कुठेतरी बाजूला ठेवलं होतं, कारण तेव्हा दुसऱ्या कशाला वेळ नव्हता. मंग फडकं एकनाथला दिलं.

‘तिमिंगिल’ वर आली तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते. संदेशाचा तरंगता दोर पाण्यावर पोचताच सावर्डेकरांनी तळाला तातडीचा संदेश सोडला. ‘मकर’ने टाक्या लगेच बाहेर टाकाव्यात, थंड पाणी गाठावं, बत्तीसच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. उत्तर चार मिनिटांत आलं. तळाला सगळं समजलं होतं. पण ‘मकर’ पाण्याखाली होती, मौन पाळून. ती दिवसातून दोनदाच वर येऊन बोलायची, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. मधल्या वेळात तिला कळवायचा कुठलाही मार्ग नव्हता. आज सकाळी सहाला ती बोलून गेली होती. तो संदेश तळाने सोबत जोडला होता.

सावर्डेकरांनी कागद हेमांगीकडे दिला. हेमांगीने तो वाचला आणि तांडेलला द्यावा की नाही ते तिला कळेना. त्याने तो स्वतःच तिच्या हातातून घेतला.

‘मकर. शस्त्रकक्ष. खोली चाळीस मीटर, बाहेरचं पाणी अठ्ठावीस अंश. सहाही टाक्या ३२.०. बारा दिवसांत एकही आकडा हललेला नाही. सर्व क्षेम. रेगे मॅडमना आमचा नमस्कार कळवावा. दादाला सांगावं, आमचे सहाही पोटभर जेवलेत. ए. तांडेल.’

तांडेलने तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्याचं बोट सहाही टाक्या या शब्दांवर थांबलं होतं. त्यातली एखादी तरी गार पडलेली असावी म्हणून तो तिथे शोधत होता, पण कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

“चाळीस मीटर,” तो म्हणाला. “कोमट पाणी.”

“तळाने विमानं पाठवली आहेत,” सावर्डेकर म्हणाले. “पाण्यात आवाज करून इशारा देता येतो का बघतायत. ती कुठे आहे हे नक्की माहीत नाही. आपणही तिकडेच निघालोय, पूर्ण वेगाने. तांडेल, एखादा आकडा हलला असेल आणि एकनाथने पुस्तिकेप्रमाणे...”

“हलायच्या आधी कळत नाय ना, साहेब.” तांडेलने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. “नि हलल्यावर नऊ मिनिटं लागतात. त्यांच्या यंत्राला दहा.”

हेमांगीने बाजूला सरून त्याला वाट दिली.

तांडेल ध्वनिवेधकापाशी गेला. तिथल्या माणसाने काही न विचारता उठून त्याला जागा दिली. समुद्रात आवाज फार लांबवर जातो. शेकडो किलोमीटरवर काही मोठं फुटलं तरी इथे ते ऐकू येतं. तांडेलने श्रवणयंत्र कानांवर चढवलं, दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं आणि डोळे मिटले. हेमांगी त्याच्या बाजूला उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला पाच मिनिटं होती. सहा वाजायला सहा तास पाच मिनिटं होती.

बराच वेळ गेला. शेवटी तिच्याने राहवेना.

“काही ऐकू येतंय?”

“नाय,” डोळे न उघडता तो म्हणाला. “सगळं शांत हाय, मॅडम.”